पिल्लं अंगावर असताना: ठकीच्या ऑपरेशनची तारीख कशी ठरली

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून घरच्या माणसांचे तपशील थोडे बदलले आहेत, मांजरीचे नाहीत. तिचं नाव ठकी. वय अंदाजे तीन वर्षं, वजन २ किलो ७०० ग्रॅम, पाठीवर राखाडी पट्टे, पोट पांढरं. ‘आमची नाही हो, येते आपली’ या वर्गातली मांजर. जेवायला पडवीत, झोपायला माळ्यावर, आणि दिवसभर कुठे असते ते कुणाला माहीत नाही. वहिनींच्या पायात घोटाळते, पण उचलू देत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती माळ्यावर, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे व्याली. पिल्लं चार. त्यातलं एक पिल्लू दोन दिवसांत गेलं, तीन राहिली.

मे महिना लागला तेव्हा वहिनींचा फोन आला. नसबंदीचं ऑपरेशन करायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. ठकीचं हे तिसरं वेत. पहिल्या वेतातली दोन पिल्लं बोक्याने मारली, तिसरं कुणीतरी नेलं. दुसरं वेत ऐन श्रावणात झालं आणि ओल्या गोठ्यात त्यातलं एकही तगलं नाही. ते पाहिल्यापासून वहिनींनी ठरवलंच होतं. अडलं होतं ते ‘कधी’वर.

घरात आणि आजूबाजूला चार मतं होती. आजींचं म्हणणं, “अगो, पिल्लं अंगावर पितायत आणि तू तिला कापायला काय नेतेस? सुटू देत आधी.” शेजारच्या काकूंचं, कापाकापी कशाला, एक इंजेक्शन मिळतं ते देऊन टाक. चिपळूणला नोकरीला असलेल्या मुलाचं, उद्याच उचल, गाडी पाठवतो. आणि दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी फोनवर सांगितलं होतं की पिल्लं आठ आठवड्यांची झाली, दूध आटलं, की मग दोन आठवड्यांनी आणा. म्हणजे सरळ हिशेबाने जूनचा मध्य.

मी या भागात मांजरांच्या नसबंदीसाठी ने-आण करते, नोंदी ठेवते. डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यावर शंका घेणं हा माझा उद्योग नाही, पण जूनच्या मध्यावर ही तारीख गेली तर ती ऑगस्टवर जाणार, हे मला दिसत होतं.

आठ अधिक दोन हा हिशेब येतो कुठून

डॉक्टर बाईंचा सल्ला पुस्तकी म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. मांजरीचं ऑपरेशन साधारणपणे पोटाच्या मधोमध, बेंबीच्या खाली चीर घेऊन करतात. पाजणाऱ्या मांजरीची आचळं भरलेली असतात, दोन्ही ओळी फुगून मध्यरेषेपर्यंत येतात, तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो. चीर घेताना ग्रंथीला धक्का लागला तर रक्त जास्त जातं, दूध जखमेत झिरपतं, टाके भरायला वेळ लागतो. त्यात पिल्लं नेमकी त्याच जागी पंजे रोवून तोंड घालणार. शिवाय आई हडकलेली असते. दूध भरात असताना मांजरीला एरवीच्या दुपटीहून जास्त खाणं लागतं, आणि पडवीतल्या मांजरीला ते कधीच मिळत नाही. अशा अंगाला भूल देताना कोणताही डॉक्टर जपूनच राहील.

फ्लॅटमध्ये, जाळी लावलेल्या खिडक्यांआड राहणारी मांजर असती तर मीही हेच म्हटलं असतं. तिला आठ आठवडे काय, बारा आठवडे थांबवलं तरी बिघडत नाही, कारण तिच्यापर्यंत बोका पोचतच नाही.

ठकीच्या बाबतीत बोका पोचत होता. नारळीच्या बागेपलीकडून येणारा, एक कान फाटलेला, मुंडकं भलं थोरलं असलेला बोका. वाडीत त्याला ‘भाऊसाहेब’ म्हणतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर येऊन बसायला लागला होता, असं वहिनींनीच सांगितलं. त्यांना भीती पिल्लांची होती, आणि ती खरीच होती. मला भीती दुसऱ्या गोष्टीचीही होती.

पाजते आहे म्हणून माजावर येणार नाही?

आजींच्या बोलण्यात एक गृहीत होतं: पिल्लं अंगावर आहेत तोवर ती पुन्हा गाभण राहणार नाही. बहुतेक मांजरींच्या बाबतीत ते पुष्कळसं खरं आहे. पिल्लं ओढतात त्याने मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन सुटत राहतं आणि ते अंडाशयाला दबवून ठेवतं. पिल्लं सुटली की दोन-तीन आठवड्यांत मांजर माजावर येते, हा नेहमीचा क्रम. पण तो नियम नव्हे. काही मांजरी पाजता पाजताच माजावर येतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लं अर्धंमुर्धं बाहेरचं खायला लागतात, ओढणं कमी होतं, तेव्हापासून हा दाब सैल होत जातो. म्हणजे ‘पिल्लं सुटली’ हा एखादा दिवस नसतो, तीन-चार आठवड्यांचा उतार असतो, आणि मांजर त्या उतारावर कुठेही माजावर येऊ शकते.

त्यात मांजरीची तऱ्हा गाई-म्हशींसारखी नाही. गाईचं बीज ठरल्या वेळी आपोआप सुटतं, मांजरीचं बोका लागल्यावर सुटतं. त्यामुळे फळण्याची शक्यता दांडगी. एकाच माजात दोन-तीन बोके लागले तर एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लंही निघतात. आणि माज ओळखायचा तर तो दिसला पाहिजे ना! घरात कोंडलेली मांजर लोळते, ओरडते, शेपूट बाजूला घेते, सगळ्यांची झोप उडवते. बाहेर हिंडणारी मांजर बोका भेटला की दोन-चार दिवसांत शांत होते. घरच्यांना वाटतं, काही झालंच नाही. तीन-चार आठवड्यांनी आचळं गुलाबी दिसायला लागतात, तेव्हा कळतं.

ऋतूचाही भाग आहे. मांजराचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस मोठे झाले की सुरू, लहान झाले की बंद. युरोपात हिवाळ्यात मांजरींना मोठी सुट्टी मिळते. आपल्याकडे कोकणात डिसेंबरमधला लहानात लहान दिवसही ११ तासांच्या आसपास असतो आणि जूनमधला मोठा १३ तासांच्या थोडा वर. त्यामुळे इथे सुट्टी अशी फारशी नाहीच, आणि मे-जून हा तर भराचा काळ.

मग मी वहिनींना कॅलेंडर घ्यायला सांगितलं. मांजर ६३ ते ६५ दिवसांनी विते. समजा ठकी जूनच्या पहिल्या आठवड्यात फळली, तर पिल्लं ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. पुन्हा पाऊस, पुन्हा गोठा. वहिनी एवढंच म्हणाल्या, “मागच्यासारखंच.”

इंजेक्शनाचं

काकूंच्या सल्ल्यावर इथे जरा थांबावं लागेल, कारण हा सल्ला गावोगाव ऐकू येतो आणि तो देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. ज्या इंजेक्शनाबद्दल त्या बोलत होत्या ते मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, म्हणजे बायकांसाठी सरकारी केंद्रात ‘अंतरा’ नावाने मिळतं तेच औषध. त्याने मांजरीचा माज थांबतो हे खरं. पण मांजरीच्या गर्भपिशवीवर आणि आचळांवर त्याचा परिणाम वाईट होतो. पिशवीत पू होतो, आचळांच्या ग्रंथी भलत्या फुगतात, कधी फुटतातही, काही मांजरींना मधुमेह होतो. आणि मांजर आधीच गाभण असेल तर वेण वेळेवर सुरू होत नाही, पिल्लं आत मरतात. ठकी गाभण आहे की नाही हे कुणीच खात्रीने सांगू शकत नव्हतं. त्यामुळे हा पर्याय पहिल्याच दिवशी बाद केला. काकूंना हे सांगायला मी स्वतः गेले. त्यांनी चहा दिला आणि मत बदललं नाही.

उद्याच का नाही

मुलाच्या घाईलाही उत्तर हवं होतं. मेच्या सुरुवातीला पिल्लं चार आठवड्यांची होती. दात नुकते फुटलेले, खाण्यात तोंड घालायची पण गिळत काहीच नव्हती. त्या वयात आई एखादा दिवस नसली तर पिल्लं उपाशी राहतात, आणि तिला काही बरंवाईट झालं तर तिघांना बाटलीने जगवायची तयारी हवी. वाडीत मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळत नाही. गाईच्या दुधाने जुलाब होतात, आणि एवढ्याशा पिल्लाला जुलाब म्हणजे दोन दिवसांचा खेळ.

तारीख ठरवायला आईकडे बघून उपयोग नव्हता. ती कधी तयार होईल हे तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं. बघायचं होतं पिल्लांच्या पोटाकडे. वहिनींकडे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा होता. त्यावर पातेलं ठेवून त्यात पिल्लू ठेवायचं आणि दर रविवारी वजन लिहायचं, असं ठरलं. जन्मतः साधारण १०० ग्रॅम आणि पुढे आठवड्याला साधारण १०० ग्रॅम, हा ढोबळ हिशेब. सहा आठवडे झाले तेव्हा दोन बोके ६४० आणि ६१० ग्रॅम भरले. तिसरी, मादी, ४३०.

खरा पेच इथे होता, बाकी सगळं गणित होतं.

दोन्ही बोके ताटलीत तोंड घालून उकडलेला मासा खायचे, वर आईलाही ओढायचे. छोटी ताटलीपाशी यायची, ढकलली जायची, आणि मग आईच्या मागच्या आचळाला जाऊन चिकटायची. तिचा आधार ते दूधच होतं. डॉक्टर बाईंना मी वजनं कळवली तेव्हा त्या म्हणाल्या, “बघा, म्हणूनच म्हणते थांबा.” त्यांचा मुद्दा रास्त होता. माझा मुद्दा असा की छोटीला दूध कमी पडत नाहीये, तिला खायला जागा मिळत नाहीये. वहिनींनी दिवसातून चार वेळा तिला वेगळं, कोपऱ्यात झाकणाच्या टोपलीखाली बसवून खायला द्यायला सुरुवात केली. काटे काढलेला मासा, कधी उकडलेलं अंडं, थोडं कोमट पाणी घालून बोटाने कालवलेलं. नुसता दूधभात द्यायचा नाही हे आजींना पटवायला वेळ लागला. मांजराला मांस लागतं, भातावर ते जगतं पण वाढत नाही. जूनपासून मासेमारी बंद होणार, तेव्हा ताजा मासा आहे तोवर छोटीचं वजन वर यायला हवं होतं.

सात आठवड्यांना ती ५६० भरली. आठवड्यात १३० ग्रॅम. बोके तोवर साडेसातशेच्या घरात.

डॉक्टरांशी काय बोलणं झालं

वाद घालायला नव्हे, विचारायला म्हणून मी चिपळूणला गेले. तीन गोष्टी विचारल्या.

पहिली, चीर पोटाऐवजी कुशीतून, म्हणजे अंगाच्या बाजूने, घेता येईल का. कुशीतली चीर आचळांपासून दूर राहते, पिल्लांची तोंडं तिथे पोचत नाहीत, आणि लांबूनही दिसते. ठकीसारखी हाताला न येणारी मांजर असेल तर या शेवटच्या गोष्टीची किंमत फार आहे, कारण तिला पकडून उलथी करून टाके बघणं जमणार नसतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, करते मी कुशीतून, पण गाभ मोठा असेल तर त्या चिरेतून नीट दिसत नाही, काम अवघड होतं. यावर त्यांनीच हिशेब सांगितला: पिल्लं सात आठवड्यांची आहेत, म्हणजे असलाच तर गाभ दोन-तीन आठवड्यांच्या आतला, तेवढ्याने अडणार नाही. जूनच्या मध्याला आणली असती तर तेच अडू शकलं असतं. हे बोलताना त्या थोड्या थांबल्या, पण काही म्हणाल्या नाहीत.

दुसरी गोष्ट दुधाची. आजींची सगळी तगमग यावर होती की पिशवी काढली की दूध जाईल. जात नाही. दूध टिकतं ते पिल्लांच्या ओढण्यावर आणि प्रोलॅक्टिनवर, अंडाशयावर नाही. ऑपरेशन झालेली आई शुद्धीवर आली, भूल उतरली, की पुन्हा पाजू शकते. म्हणजे ऑपरेशन म्हणजे पिल्लं तोडणं नव्हे. हे आजींना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं, फोन स्पीकरवर टाकून. माझ्या तोंडून त्यांनी ते आधी दोनदा ऐकलं होतं.

तिसरी गोष्ट, पिल्लं बरोबर आणायची का. डॉक्टर बाईंच्या दवाखान्यात ती सोय होती, आणि आई-पिल्लं एकत्र राहिली असती. मी नको म्हटलं. पिल्लांना एकही लस झालेली नव्हती. पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा संसर्ग दवाखान्याच्या फरशीवर, टेबलावर, पिंजऱ्याला महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही, आणि लहान पिल्लं त्यात पटापट जातात. एक दिवसाच्या सोबतीसाठी तो धोका घेण्यात अर्थ नव्हता. हे त्यांना लगेच पटलं.

त्यांनी आपल्या अटी घातल्या. आधी तपासणार, हिरड्या फिकट असल्या किंवा रक्त कमी निघालं तर परत पाठवणार. आचळ गरम, टणक असलं तरी परत. आणि रात्रभर उपाशी ठेवायचं नाही. पहाटे थोडं खायला, त्यानंतर चार-पाच तास काही नाही, पाणी शेवटपर्यंत. निघताना पिल्लांना पिऊ द्यायचं म्हणजे आचळं रिकामी होतील.

तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली ठरली. पिल्लं सात आठवडे पुरी.

पावसाचाही विचार होताच, तो लपवत नाही. सात जूनच्या आसपास मृग लागतो, कोकणात पाऊस त्याच्या मागेपुढे. नंतर वीज जाणार, माळा ओला होणार, जखम कोरडी ठेवायला जागा उरणार नाही. चिपळूण ४५ किलोमीटर, आणि पावसात तो रस्ता कधी दीड तासाचा असतो तर कधी तीनचा. एकटा पाऊस असता तर मी तारीख पुढेमागे केली असती. पाऊस, बोका आणि छोटीचं वजन हे तिन्ही एकत्र धरल्यावर तो एक आठवडाच मोकळा दिसत होता.

पकडणं आणि नेणं

याबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येकाला आपापली मांजर ठाऊक असते. मुलाचं म्हणणं होतं आंब्याच्या पेटीत घालून नेऊ. त्या फळ्या मांजर पाच मिनिटांत सैल करते, आणि चालत्या गाडीत सुटलेली मांजर ब्रेकखाली जाते. माझ्याकडचा लोखंडी पिंजरा आदल्या तीन-चार दिवसांपासून पडवीत उघडा ठेवला, खाणं त्याच्या तोंडाशी, मग आत. आदल्या रात्री ती आणि पिल्लं धान्याच्या खोलीत बंद. पहाटे तिने खाल्लं, पिल्लं प्यायली, ती पुन्हा उरलेलं चाटायला पिंजऱ्यात शिरली आणि दार लावलं. वर जुनं लुगडं टाकलं. उजाडायच्या आत निघालो, कारण मेमध्ये नऊनंतर गाडी तापते आणि मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागते.

पिल्लांपाशी आजी बसल्या. दिवसभरात काय द्यायचं ते वहिनींनी कागदावर लिहून ठेवलं होतं. आजींनी तो कागद वाचला नाही, पण चार वेळा खायला दिलं, आणि छोटीला आपल्या हाताने.

काय निघालं

तपासणीत हिरड्या बऱ्या होत्या, रक्त काठावर पण चालेल इतकं. ऑपरेशन डाव्या कुशीतून झालं. अंडाशयं आणि पिशवी दोन्ही काढली. पिशवी साधी होती, गाभ नव्हता.

डॉक्टर बाई मला म्हणाल्या, “थांबलो असतो तरी चाललं असतं.” त्यांचं अजूनही तेच मत आहे. या एका मांजरीवरून कुणाचं बरोबर ते ठरत नाही, आणि ती गाभण निघाली असती तरी ठरलं नसतं. मला एवढंच म्हणायचं आहे की मेच्या शेवटी आमच्या हातात जी माहिती होती, त्यात थांबण्याने मिळणार होता तो आचळं बसल्यावरचा सोपा टाका, आणि घालवायचं होतं ते एक अख्खं वेत. कुशीतून करणारा डॉक्टर मिळाल्यावर पहिल्याचं वजन फार उरलं नव्हतं. तसा डॉक्टर नसता तर मी जूनपर्यंत थांबले असते आणि ठकीला धान्याच्या खोलीतून बाहेर सोडलं नसतं. वहिनींनी ते किती दिवस निभावलं असतं, हा वेगळा प्रश्न.

फुकट काही झालं नाही. चौथ्या दिवशी कुशीला लिंबाएवढी सूज आली. पाणी धरलं होतं, पू नव्हता. फोटो पाठवला, डॉक्टरांनी औषध वाढवलं नाही, आठवड्यात बसली. गळ्यातली कॉलर आम्ही पहिल्याच रात्री काढली, कारण ती घालून तिला पिल्लांना चाटता येईना आणि पिल्लं घाबरून पळत होती. कुशीतल्या टाक्यांशी ती जीभ नेते का यावर नजर ठेवली. एक-दोनदा नेली, तेवढंच. दुखणं थांबायचं औषध डॉक्टरांनी टोचूनच दिलं होतं. घरी काहीही द्यायचं नाही हे वहिनींना बजावलं होतं, विशेषतः क्रोसिन. माणसाच्या तापाची ती गोळी मांजराचा जीव घेते, अर्धीसुद्धा.

पिल्लांपाशी तिला लगेच सोडलं नाही. संध्याकाळी घरी आली तेव्हा चालताना झोकांड्या जात होत्या. रात्री उशिरा तिने थोडं खाल्लं, मग दार उघडलं. पिल्लांतला मोठा बोका तिच्यावर फिस्कारला, दवाखान्याचा वास. वहिनींनी पिल्लांच्या अंथरुणातला कपडा तिच्या अंगावर फिरवला. छोटी मात्र वासाबिसाच्या भानगडीत न पडता सरळ जाऊन चिकटली. दूध होतंच.

ठकीच्या डाव्या कानाचं टोक भुलीतच छाटून घेतलं. हाताला न येणाऱ्या मांजरीला पुन्हा कुणी ऑपरेशनसाठी धरून नेऊ नये म्हणून ही खूण असते. आजींना ते आवडलं नाही.

दुसरीकडे हाच निर्णय वेगळा कुठे पडेल

घरात कोंडून राहणारी मांजर असेल तर डॉक्टर बाईंचा आठ अधिक दोनच धरा. पिल्लं तीन-चार आठवड्यांची असतील आणि आई माणसाळलेली असेल, तर आईला बोक्यापासून खोलीत ठेवा आणि थांबा. उलट, आई पूर्ण रानटी असेल, पुन्हा पिंजऱ्यात येण्याची खात्री नसेल, तर सापडली त्या दिवशी करून घ्यावं आणि शुद्धीवर आली की लवकरात लवकर त्याच जागी सोडावं, कारण पिल्लं कुठेतरी लपून वाट बघत असतात आणि ती जागा फक्त तिला ठाऊक असते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही. तुम्ही माळ्यावर शोधाल आणि ती आठव्या घरी निघतील.

आई आधीच गाभण असेल तर काय, हा प्रश्न घरच्यांनी आधीच ठरवून डॉक्टरांना सांगून ठेवावा. टेबलावर मांजर झोपवल्यावर फोनवर चर्चा करू नये. वहिनींनी ‘असलं तरी काढा’ असं सांगून ठेवलं होतं. आजींना ते सांगितलं नव्हतं.

आणि एक. आईचं ऑपरेशन केल्याने आचळाचा कॅन्सर टळतो, असं सांगून कुणाला तयार करू नये. तो फायदा लवकर केलं तर मिळतो. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत हा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला आहे, वर्षाच्या आत ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांपुढे फार काही उरत नाही. तीन वेतं झालेल्या ठकीला फायदा आहे तो पुढची वेतं टळण्याचा, पिशवीत पू न होण्याचा, बोक्यांच्या चाव्यांतून येणारे रोग कमी होण्याचा. तो पुरेसा आहे.

९१ टक्के छोटीच्या वाट्याला आहेत. दोन्ही बोके जूनच्या मध्यावर गेले, एक चिपळूणला मुलाच्या मित्राकडे, दुसरा वाडीतच शाळेपलीकडे. ते गेल्यावर ठकीचं दूध आपोआप आटलं. आचळं पिळायची नाहीत एवढंच वहिनींना सांगितलं होतं. छोटी राहिली, आजींनी ठेवून घेतली. तिला चौथ्या महिन्यातही माज येऊ शकतो. डॉक्टर बाई पाचव्या महिन्यात करू म्हणतात, मी चौथ्यात. वजन दीड किलो झालं तर त्या माझ्या बाजूला यायला तयार आहेत. सध्या तारीख गणपतीच्या आधीची धरली आहे. गणपतीत मुंबईहून माणसं आली की या घराचं एकही दार बंद राहत नाही, आणि भाऊसाहेब अजून विहिरीच्या कठड्यावर येतात.